सासूबाईंच्या विमानातला बिघाड

४ मार्च

जावईबापू,

आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. तुमच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिलंच पत्र लिहितेय, तेही कामापुरतं, म्हणून जरा ओशाळले आहे.

मी विमान घेतलंय. खेळण्यातलं म्हणू नका, दुकानदाराने ती चूक एकदा केली आहे. रिमोटवर उडणारं आहे, फोमचं, हात पसरले तर कवेत मावेल एवढं. आमच्या इमारतीमागच्या मैदानात रविवारी सकाळी चार-पाच जण अशी विमानं उडवतात. निवृत्त झाल्यापासून मी गॅलरीत उभी राहून बघत होते. एकतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसून लोकांच्या लाइनी जोडल्या. म्हटलं, आता आपणही जरा आभाळाकडे बघावं.

काल मैदानात कुणी नसताना गेले. पहिल्याच दिवशी चारचौघांत फजिती नको. हातातून सोडलं तर झोकात वर गेलं. मग उजवीकडे वळवायला दांडी उजवीकडे केली, तर हे निघालं डावीकडे. आणखी उजवीकडे केली, तर आणखी डावीकडे. थेट कुंपणाच्या झुडपात. पंखाला चीर गेली ती मी चिकटवली, पण हा उलटा स्वभाव कसा घालवायचा?

तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता. वर जाणं आणि सुखरूप खाली येणं हा तुमचाच विषय, म्हणून तुम्हाला विचारते.

दोन गोष्टी सांभाळा. आमच्या लेकीला यातलं काही कळू देऊ नका, ‘या वयात?’ हे ऐकायची मला हौस नाही. म्हणून तर पत्र वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकतेय. आणि फोन करू नका. एकतीस वर्षं तो कानाला लावून मला त्याचा वीट आलाय.

तुमच्या बायकोची आई

०

११ मार्च

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वर्कशॉपमध्ये मला कधी पत्र येत नाही, त्यामुळे मुकादमाने आधी विचारलं, ‘कोर्टाचं आहे का रे?’

मी विमान कधी हाताळलेलं नाही, पण इथे एका दुकानात जाऊन विचारून आलो. बिघाड साधा आहे. रिमोटच्या खालच्या बाजूला छोट्या खिट्ट्यांची एक ओळ असेल. दांडीचा हुकूम सुलटा द्यायचा की उलटा, हे त्या ठरवतात. पंखांची खिट्टी पलीकडे सरकवा. मग विमान जमिनीवर ठेवून, त्याच्या मागे उभं राहून बघा. दांडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची मागची पट्टी वर उचलली पाहिजे आणि डाव्याची खाली गेली पाहिजे. दर वेळी हे बघितल्याशिवाय उडवू नका.

वाईट वाटून घेऊ नका. मी शिकाऊ असताना एका नव्या लिफ्टच्या मोटरच्या दोन तारा अशाच उलट जोडल्या होत्या. चौथ्या मजल्याचं बटण दाबलं की लिफ्ट तळघराकडे निघायची. आत इमारतीचे मालक होते.

तिला काही बोललो नाही. पण आई, ती दर रविवारी तुम्हाला फोन लावते आणि तो नुसता वाजत राहतो. जानेवारीपासून हे चाललंय. फोन ठेवते आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते.

तुमचा,
जावई

०

१९ मार्च

जावईबापू,

खिट्टी सरकवली. पट्ट्या आता शहाण्यासारख्या वागतात. मालक तळघरात पोचल्याचं वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

आता नवं दुखणं. बॅटरी जोडली, रिमोट चालू केला. पट्ट्या हलतात, शेपटी हलते, पण पुढचा पंखा ढिम्म. वेगाची दांडी पुढे सारून पाहिली, मागे ओढून पाहिली, शेवटी चार शब्द समजुतीचे सांगितले. ढिम्म. बॅटरी नवी आहे, पूर्ण भरलेली आहे. रिमोटची निगा मी राखते, मैदानातून आल्यावर रोज ओल्या फडक्याने पुसते.

मैदानात एक बेकरीवाले येतात, या कामातले जुने खेळाडू. पहाटे भट्टी लावून झाली की विमान घेऊन हजर. त्यांनीही काहीतरी सुचवलं, पण वाऱ्यात नीट कळलं नाही.

लेकीला म्हणावं, मी मजेत आहे. नको, काहीच म्हणू नका. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारेल.

आई

०

२६ मार्च

ती. आईंना नमस्कार.

विमानात काडेपेटीएवढी एक डबी असते, स्पीड कंट्रोलर. बॅटरीची वीज मोटरला किती द्यायची हे ती बघते. काही बिनसलं की ती मोटर चालू होऊ देत नाही, आणि काय बिनसलंय ते बीप वाजवून सांगते. बीप भराभर, न थांबता वाजत असेल, तर वेगाची दांडी पूर्ण खाली नाही. सावकाश एकेक वाजत असेल, तर रिमोटचा संदेश पोचत नाही. दोन-दोनच्या जोडीने वाजत असेल, तर बॅटरीत खोट आहे.

बॅटरी जोडल्यावर नीट ऐका आणि कशी वाजते ते कळवा. म्हणजे पाच मिनिटांत निदान होईल.

जावई

०

२ एप्रिल

जावईबापू,

काही वाजत नाही. भराभर नाही, सावकाश नाही, जोडीनेही नाही. ती डबी मेलेली असणार. तुम्ही म्हणता तेवढी बोलकी वस्तू माझ्या वाट्याला कशी येईल? तशीच दुसरी मिळत असेल तर पाठवा, बसवायचं मी बघते. बोर्डावर असताना तारा मीच जोडत होते.

आई

०

९ एप्रिल

ती. आईंना नमस्कार.

सोबत नवी डबी आहे. मोटरच्या तीन तारा नुसत्या खोचायच्या आहेत. पंखा उलटा फिरला तर त्यातल्या कोणत्याही दोन अदलाबदल करा, माझ्या लिफ्टसारखंच.

पार्सल बांधताना तिने पाहिलं. ‘कुणाला?’ म्हणाली. मी म्हणालो, ‘गिऱ्हाइकाला.’ ‘गिऱ्हाइकाला तू खोक्यात कापूस घालून पाठवतोस?’ म्हणाली. तेव्हापासून माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघते. माझं घर सांभाळून विमान उडवा.

जावई

०

२१ एप्रिल

जावईबापू,

डबी बसवली. पहिले तीन दिवस पुन्हा ढिम्म. चौथ्या दिवशी काही न करता मोटर आपोआप चालू झाली, आणि मी उडवलं!

काय सांगू. वर गेलं, वळलं, मैदानाला चार फेऱ्या घातल्या. लहानपणी सायकल शिकताना मागून धरणारा हात सुटल्यावर वाटलं होतं तसं वाटलं.

आणि मग रेडिओ तुटला, म्हणजे रिमोटचा विमानाशी संबंधच. दुसरं काय म्हणू? विमान चिंचोक्याएवढं दिसत होतं आणि खाली येऊ लागलं. मी दांडी मागे ओढली, त्याचं नाक वर आलं, क्षणभर तसंच तरंगलं आणि दगडासारखं पाण्याच्या टाकीमागे पडलं. नाकाचा चुरा झाला, शेपटी निखळली.

पण खरा राग त्याचा नाही. बेकरीवाले धावत आले ते माझ्यावरच डाफरत. ‘बाई, मी मागून एवढा ओरडतोय, तुम्ही ऐकत का नाही?’ सगळ्यांसमोर. मी! मी ऐकत नाही! ज्या बाईने एकतीस वर्षं कुजबुजणाऱ्यांची, रडणाऱ्यांची, बोबडं बोलणाऱ्यांची वाक्यं ऐकून बरोबर वॉर्डात लाइन दिली, तिला हे पाव भाजणारे शिकवणार? मी सामान उचलून घरी आले. गेले चार दिवस मैदानाचं तोंड पाहिलेलं नाही.

त्या रेडिओचं काय करायचं तेवढं सांगा. काही होत नसेल तर तसंही सांगा. मी सगळं माळ्यावर टाकून देईन.

आई

०

३ मे

ती. आईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं.

रेडिओ तुटला नव्हता. तुम्हीच लिहिलंय की दांडी मागे ओढल्यावर नाक वर आलं. रेडिओ तुटला असता तर नाकाने तुमचं ऐकलंच नसतं. झालं असं असणार की बॅटरी उतरली आणि डबीने मोटर बंद केली, पट्ट्यांसाठी वीज शिल्लक राहावी म्हणून. अशा वेळी नाक खाली करून तरंगत उतरवायचं असतं. बेकरीवाले बहुधा तेच ओरडत होते.

आता मोटर कधी चालू होते, कधी होत नाही, त्याबद्दल. मी एक गोष्ट सांगायला विसरलो होतो. बीप वाजवायला डबीत भोंगा नसतो. ती मोटरलाच बारीक थरथरवते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. तेव्हा असं करा. आधी पुढचा पंखा पूर्ण काढून ठेवा, तो असताना मोटरजवळ हात न्यायचा नाही, हे माझ्या गळ्याची शपथ घालून सांगतो. मग बॅटरी जोडा आणि मोटरवर बोट टेकवून ठेवा. थरथर मोजा.

आमच्याकडे मशीनच्या खोलीत इतका गोंगाट असतो की कानाचा काही उपयोग नाही. बेअरिंग गेलंय का हे आम्ही तळहात ठेवून ओळखतो. माझ्या उस्तादांना तर हातानेच सगळं कळायचं, आणि त्यांच्याइतका चांगला कारागीर मी पाहिला नाही.

पडलेले तुकडे फेकू नका. नाक आणि शेपटी चिकटवता येते.

तुमचा,
जावई

०

१० मे

जावईबापू,

पंखा काढला. बॅटरी जोडली. बोट टेकवलं.

भराभर, न थांबता. चिमणीचं पिल्लू मुठीत धरल्यासारखं. म्हणजे वेगाची दांडी पूर्ण खाली नाही. पण दांडी तर खालीच होती! मग भिंग घेऊन रिमोट बघितला. दांडीच्या शेजारी एक नखाएवढी सरकपट्टी आहे, दांडीची जागा किंचित वर-खाली करणारी. ती वर सरकली होती. खाली केली, आणि थरथर थांबून मोटर तयार. दोष माझ्या ओल्या फडक्याचा. रोज पुसताना ती पट्टी कधी वर जायची, कधी खाली. विमानाची पहिली डबी धडधाकट होती. तिला मी उगाच मेली म्हणाले.

बोट मी नंतरही बराच वेळ काढलं नाही.

तुम्ही ओळखलंत ना? ओळखूनही शब्द वापरला नाहीत, म्हणून आता मीच वापरते. मला ऐकू येत नाही. डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजवा गेल्या वर्षापासून चाललाय. बोर्डावर मी अंदाजाने काम करत होते. एका बापाने लहान मुलांचा वॉर्ड मागितला आणि मी त्याला शवागाराची लाइन दिली. चूक लगेच सुधारली, कुणी तक्रारही केली नाही. पण पलीकडून ‘शवागार’ ऐकल्यावर त्या माणसाला काय वाटलं असेल? त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. निवृत्ती घेतली असं सगळ्यांना सांगितलं, एक वर्ष बाकी होतं.

लेकीचा फोन न उचलण्याचं कारणही तेच. जानेवारीत ती खूप वेळ काहीतरी सांगत होती. ‘आई’ कळलं, ‘वाचनालय’ कळलं. बाकी सगळं पाण्याखालून आल्यासारखं. मला वाटलं, बढती मिळाली. मी म्हणाले, ‘छान झालं! मी म्हणतच होते!’ मग पलीकडे काहीच नाही. तेव्हाच कळलं की माझं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते विचारायची हिंमत झाली नाही, आणि पुढचा फोन उचलायचीही.

टेलिफोनवाली बाई बहिरी झाली, हे सांगायला जीभ वळत नव्हती. बोटाने मोजलं तेव्हा कुठे लिहावंसं वाटलं.

आई

०

१६ मे

ती. आईंना नमस्कार.

आता मलाही खरं सांगायला हवं. तिचं वाचनालय जानेवारीत बंद झालं. नऊ वर्षांची नोकरी गेली. ते सांगायला तिने पहिला फोन तुम्हाला केला होता.

तुमचं उत्तर तिने मला सांगितलं. ती म्हणाली, ‘आईला माझं पुस्तकांचं काम कधीच पटलं नव्हतं, आज तिने बोलून दाखवलं.’ दोन दिवस जेवली नाही. मीही तुमच्यावर मनातून फार रागावलो होतो. तुमचं विमानाचं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, पोरीला टाकून बोलून ही बाई खुशाल विमानं उडवतेय. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण बिघाड सोपा होता, आणि सोपा बिघाड तसाच सोडून देणं माझ्याच्याने होत नाही.

तिला हे मी सांगू शकतो. पण मी सांगण्यात आणि तुम्ही सांगण्यात फरक आहे. तिला नवं काम मिळालंय, एका शाळेत. बरी आहे. रविवारी अजून फोन लावते.

जावई

०

२० मे

जावईबापू,

आत बंद पाकीट आहे. तिला द्या. उघडू नका. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. हे पाचवं आहे, यातही खाडाखोड आहे.

आई

०

२५ मे

ती. आईंना नमस्कार.

पाकीट काल संध्याकाळी दिलं. ती ओट्यापाशी उभी होती. उभ्यानेच वाचायला लागली, मग खाली जमिनीवर बसली. मी पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. दोनदा वाचून झाल्यावर म्हणाली, ‘मी फोनवर बोलत असताना तिला नुसता आवाज येत होता. आणि तिला वाटलं, मला बढती मिळाली.’ मग रडली, आणि रडता रडता म्हणाली, ‘माझ्या बढतीवर तिचा एवढा विश्वास!’

मग विमानाचा विषय निघाला. सगळं सांगावं लागलं. तिने मला उशी फेकून मारली. पार्सल कुणा बाईसाठी होतं हा तिचा अंदाज बरोबर निघाला, एवढं मात्र ती ऐटीत सांगते.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने ती येतेय. आठ दिवस राहील. मला इथे एका जुन्या लिफ्टचा दोर बदलायचाय, मी येऊ शकत नाही. कानांच्या डॉक्टरांची वेळ तिने इथूनच घेतली आहे. नाही म्हणू नका, उपयोग होणार नाही.

जावई

०

१८ जून

जावईबापू,

लेक सुखरूप परत पोचली हे कळलं. तिने इथे काय काय केलं ते तिने सांगितलं असेल, पण ती स्वतःकडे मोठेपणा घेते, म्हणून माझ्याकडूनही ऐका.

पहिल्या दिवशी आम्ही फार बोललो नाही. ती माझ्या उजव्या बाजूला बसायची आणि तोंड माझ्याकडे ठेवून सावकाश बोलायची. मी म्हणाले, ‘एवढंही सावकाश नको, मी बहिरी आहे, मंद नाही.’ तिथून पुढे नेहमीसारखं सुरू झालं.

विमान तिने आणि मी मिळून जोडलं. ती पुस्तकांच्या बांधणीची माणूस, तिला डिंक कुठे किती लावायचा हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. नाक जरा वाकडं बसलंय, पण कुणाचं सरळ असतं?

रविवारी तिने मला ओढत मैदानात नेलं. बेकरीवाले समोर आले. मी म्हणाले, ‘मला ऐकू येत नाही. त्या दिवशी सांगायला हवं होतं.’ त्यांनी हातातलं विमान खाली ठेवलं. मग म्हणाले, आणि हे मला ओठांवरून अगदी स्वच्छ कळलं, ‘मग आधी नाही का सांगायचं? मी कितीतरी दिवस आमच्या माणसांना विचारत होतो, बाई कशाने दुखावल्या.’ त्यांनी एक पद्धत बसवली. ते माझ्या मागे उभे राहतात. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडे, उजव्या म्हणजे उजवीकडे, पाठीवर थाप म्हणजे पाच मिनिटं झाली, आता उतरवा. त्या दिवशी मी पाच मिनिटं उडवलं आणि गवतावर उतरवलं. दोन उड्या मारल्या त्याने, पण उभ्याचं उभं राहिलं. लेकीने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की मलाही ऐकू आल्या. मग तिने रिमोट मागितला. मी दिला नाही. म्हटलं, आधी जमिनीवर पट्ट्या तपासायला शीक.

कानातली यंत्रं मागच्या शुक्रवारी आली. पहिल्यांदा ऐकल्या त्या माझ्याच सपाता. एवढा फटफट आवाज करत मी वर्षभर हिंडत होते आणि खालच्या मजल्यावरचे बिचारे काही बोलले नाहीत. मग मैदानात गेले, विमानाचा आवाज ऐकायला. मनात फार रुबाबदार आवाज धरून ठेवला होता मी. प्रत्यक्षात बरणीत अडकलेली गांधीलमाशी. बेकरीवाले म्हणाले, सगळ्यांचंच तसं वाजतं. मी दोन फेऱ्या ऐकल्या आणि यंत्रं काढून खिशात ठेवली. टिचक्यांवर माझं छान चाललंय.

काल रविवार होता. फोन वाजला, मी उचलला. लेक पाऊण तास बोलली आणि मला त्यातला शब्दन्शब्द कळला. पहिली दहा मिनिटं शाळेबद्दल होती, उरलेली तुमच्याबद्दल. एकूण सात तक्रारी. चारांत मी तुमची बाजू घेतली. उरलेल्या तीन रास्त आहेत, त्या तुमच्या तुम्ही निस्तरा.

आई